चौदा महिन्यांचा खाडा

सोलापूर
९ मार्च १९७६

चि. फुलास तुझ्या अक्काचा आशीर्वाद.

तुझ्या दाजींचे दिवस आटोपून तू श्रीपूरला परत गेलीस त्याला तीन आठवडे झाले. रोज पत्र टाकीन म्हणते, पण विड्यांचं सूप मांडीवर घेतलं की हात मोकळा होत नाही. आज सूप बाजूला ठेवलंय. आज जे ऐकून आले त्यानं बोटंच चालेनाशी झालीत.

फंडाच्या ऑफिसात गेले होते. आपली ही कामगार चाळीतली खोली सरकारनं बांधलेली, तुला माहीत आहे. निम्मं भाडं आपण द्यायचं, निम्म्याचा भार सरकार सोसतं. तुझे दाजी गेले तरी मला आणि पोरीला, नागूला, त्याच भाड्यात इथं राहता येईल, वर पेन्शनही मिळेल, असं चाळीतले सगळे सांगत होते. ऑफिसची अट एकच, फंडाची वर्गणी शेवटची पाच वर्षं सलग भरलेली पाहिजे. मी म्हटलं, त्यात काय. ह्या माणसानं ताप अंगावर काढून पाळ्या केल्यात.

खिडकीत येमूल म्हणून क्लार्क आहेत. विणकराच्या घरातले, बोलायला नीट. त्यांनी विचारलं, "मालकांचं नाव?" मी कागद पुढं सरकवला. ते म्हणाले, "बाई, तोंडानं सांगा." लग्नात उखाण्यात एकदा घेतलं तेवढंच, पुढं सतरा वर्षं जे नाव ओठावर आणलं नाही ते आता रांगेत उभं राहून सांगू? मी कागदावर बोट ठेवलं. शेवटी शिपायानं कागदावरचं वाचून दाखवलं.

येमूलसाहेबांनी रजिस्टर चाळलं, परत चाळलं. म्हणाले, ऑक्टोबर बाहत्तर ते नोव्हेंबर त्र्याहत्तर, चौदा महिने वर्गणी नाही. त्या काळात हे गिरणीत नव्हतेच.

फुले, असं कसं होईल? त्या चौदा महिन्यांत एक दिवस असा नाही की भोंग्याआधी मी फडक्यात भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली नाही. पाळी सुटली की केसांत कापूस घेऊन घरी यायचे. मग जात होते कुठं? मटक्याच्या अड्ड्यावर? एखाद्या बाईकडं? मेलेल्या माणसावर संशय घेते म्हणून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते, आणि हात खाली येतो न येतो तोच संशय परत उभा राहतो.

त्या दुष्काळात तुम्ही दोघं मेंढरं घेऊन कऱ्हाडकडे होतात. तुझा धुळाप्पा तेव्हा त्याच गिरणीत पर्मनंट, आणि गिरणीनं त्याला दुष्काळाची रजा दिली होती. म्हणजे तो इथं नव्हता हे खरं. तरी भावाचं भावाला ठाऊक असतं. त्याला विचार. खरं काय ते मला कळलं पाहिजे, कसंही असो.

तुझी अक्का


श्रीपूर
१८ मार्च १९७६

ती. अक्कास फुलाचा नमस्कार.

पत्र पोचलं. ह्यांना वाचून दाखवलं तर ताटावरून उठले. कारखान्याचा हंगाम जोरात आहे, उसाच्या गाड्यांची गेटवर रांग लागलीय, म्हणून उठले असतील असं मी समजले. संध्याकाळी परत विषय काढला. तर म्हणाले, "ऑफिसवाल्यांच्या चुका व्हत्यात. वैनीला म्हनावं खोली सोड आन् हिकडं ये. हितं क्वार्टर हाय, भाकरी हाय. कागद उकरत बसू नगं."

अक्का, ह्यांचं मला पटतंय. दाजी देवमाणूस होते. पण पुरुषाची जात, दुष्काळाचं साल, काय झालं असेल ते असेल. झाकली मूठ सव्वा लाखाची. तू आणि नागू इकडं या. इथं शाळा आहे.

तुझी फुला


सोलापूर
२ एप्रिल १९७६

चि. फुलास आशीर्वाद.

झाकली मूठ तुझ्या घरी ठेव. सतरा वर्षं ज्याचं केलं त्याच्याबद्दल मनात किडा घेऊन मी तुझ्या क्वार्टरमध्ये भाकरी खाऊ? तू लहानपणापासून अशीच. विंचू दिसला की त्याच्यावर पाटी पालथी घालायची आणि म्हणायचं, गेला.

मी पाटी उचलली. नव्या पेठेत ज्ञानबा मुकादम भेटला. आठवतो ना, गिरणीत ह्या दोघा भावांच्या खात्याचा मुकादम, आता घरी बसलाय. त्याला भर रस्त्यात अडवलं आणि सरळ विचारलं, त्या साली आमचे मालक कामावर येत होते का नव्हते. तो म्हणाला, "वैनी, दादाचा त्या साली एक खाडा न्हाय. माज्या डोळ्यांम्होरं हुबा असायचा की."

मी तिथंच दुकानाच्या पायरीवर बसले. इतकं बरं वाटलं आणि इतकी लाज वाटली, की ज्याच्यावर महिनाभर नाही नाही ते घेतलं त्याचा एक खाडा नाही. मग मी विचारलं, दिवस भरले तर वर्गणी गेली कुठं? मुकादमाचा चेहरा उतरला. "ह्याच्या म्होरं मला इचारू नगा," म्हणाला आणि रिक्षा करून निघूनच गेला. जो माणूस आयुष्यात पायी सोडून कशानं गेला नाही तो.

काल नोटीस आली. वर्गणीत खंड आहे म्हणून खोलीवर हक्क नाही, एकतीस मेपर्यंत रिकामी करा. हल्ली ऑफिसं घड्याळावर चालतात, एकतीस म्हणजे एकतीसच. नागूनं नोटीस मोठ्यानं वाचली आणि विचारलं, आई, खंड म्हणजे काय? मी नोटीस घडी घालून डब्यात ठेवली.

धुळाप्पाला परत विचार. मुकादम भेटला होता हेही सांग.

तुझी अक्का


श्रीपूर
११ एप्रिल १९७६

ती. अक्कास नमस्कार.

मुकादमाचं नाव काढलं आणि ह्यांचं तोंड पांढरं पडलं. बिडी उलट्या बाजूनं पेटवली. एवढंच बोलले, "बदलीवाल्यांची नावं कदी लागत्यात, कदी ऱ्हात्यात." दाजी बदलीत होते, रोज गेटावर उभं राहून काम मागायचे, हे खरंच आहे. तेव्हा तसंच काही असेल.

पण अक्का, आता मलाच भीती वाटायला लागलीय. ह्यांना काहीतरी ठाऊक आहे. कालपासून माझ्याशी सरळ बघून बोलत नाहीत. तू एकदा लेखी अर्ज देऊन बघ.

तुझी फुला


सोलापूर
२१ एप्रिल १९७६

फुला,

आज आशीर्वाद लिहायला हात होत नाही.

तू म्हणालीस म्हणून अर्ज घेऊन गेले. माझं नाव, नागूचं नाव, मामंजींचं नाव, गाव, सगळं त्यात होतं. येमूलसाहेबांनी कार्डांचा खण ओढला आणि एक कार्ड हातात घेऊन बघतच राहिले. मग म्हणाले, "केराबाई वाघमोडे तुम्हीच ना? मुलगी नागम्मा?" मी व्हय म्हटलं. ते म्हणाले, "मग तुम्ही विधवा कशा? तुमचा नवरा जिवंत आहे. धुळाप्पा बिरा वाघमोडे, हल्ली श्रीपूर. त्याच्या पेन्शनच्या कागदावर बायको म्हणून तुमचं नाव आहे. मुलगीही तीच."

मागं रांगेत दोघं हसले. कोणीतरी बोललंही, ते मी लिहीत नाही.

मी म्हटलं, ते माझे धाकटे दीर. येमूलसाहेब म्हणाले, "बाई, मला कागद बोलतो ते ऐकावं लागतं." हसत नव्हते ते. उलट खाली बघत होते, त्याचंच मला जास्त लागलं.

कपाळ पांढरं, गळा मोकळा, आणि सरकार म्हणतं तू सवाष्ण आहेस, दिराची. घरापर्यंत कशी आले आठवत नाही. नागूनं पाणी आणलं ते मी हातात धरून बसले होते म्हणे.

तुझ्या नवऱ्यानं माझं नाव का लावलं? माझी पोर त्याची म्हणून का लिहिली? माझ्या हातची भाकरी खाऊन वाढला तो. आणि तू? एवढे दिवस 'कागद उकरू नको, इकडं ये' म्हणत होतीस ते ह्याच्यासाठी? खरं लिही. नाही लिहिलंस तर आपलं बहिणीचं नातंही मी त्या खोलीबरोबर सोडीन.

केरा


श्रीपूर
२९ एप्रिल १९७६

ती. अक्कास फुलाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

आईच्या गळ्याशपथ, मला काही माहीत नव्हतं. तुझं पत्र वाचलं तेव्हा तव्यावरची भाकरी जळून काळी झाली, मी तशीच उभी. मनात काय काय आलं ते तुला सांगण्यासारखं नाही. तुझ्याबद्दलही आलं. पत्र ह्यांच्या अंगावर फेकलं आणि म्हटलं, हे काय आहे ते सांगा, नाहीतर मी पोरांना घेऊन अक्काकडं निघाले.

तेव्हा उंबऱ्यावर बसून बोलले. जसं बोलले तसं लिहिते. "दुष्काळ पडला. बा आंथरुणाला खिळला. मेंढरामागं जायाला मीच पायजे, दादाला दमा. आन् मी गेलो तर माजी पर्मनंट जागा जाणार. दादा म्हनला, तू जा, तुजा बिल्ला लावून मी हुबा ऱ्हातो. तू येईस्तवर जागा राखतो."

रजा वगैरे काही नव्हती, अक्का. तुलाही तेच सांगितलं, मलाही तेच, आणि आपण दोघींनी मान डोलावली. मुकादमानं डोळे झाकले. चौदा महिने ह्यांच्या नावाचा पुकारा झाला की दाजी 'हाय' म्हणायचे. घाम दाजींचा, वर्गणी ह्यांच्या नावावर. दाजींचं बदलीतलं स्वतःचं नाव तिकडं कटून गेलं. आम्ही परत आल्यावर ते पुन्हा पहिल्यापासून गेटावर उभे राहिले.

त्याच साली गिरणीत नव्या पेन्शनचे कागद भरून घेतले. कारकून विचारतोय, नाव? धुळाप्पा. बापाचं? बिरा. गाव? सगळं जुळत गेलं. मग विचारलं, बायकोचं नाव? दाजींनी सांगितलं, केराबाई. मुलगी? नागम्मा. आणि खाली अंगठा उठवला. आमचे हे सही करतात, पण त्या गर्दीत कोण बघतंय. परत आल्यावर दाजींनीच ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, दादा, हे काय करून बसलास? तर दाजी म्हणाले, "तुजं नाव घेतलं, तुजा बिल्ला घेतला. पर बायकू म्हून फुलाचं नाव माज्या तोंडातनं निगंना. धाकट्या भावाची बायकू, माजी लेक हाय ती."

अक्का, त्या माणसासमोर मी कधी पदर ढळू दिला नाही, त्यांनी कधी माझ्याकडं मान वर करून पाहिलं नाही. त्यांच्यावर मी 'पुरुषाची जात' लिहून मोकळी झाले होते. कोणत्या तोंडानं माफी मागू?

आता दुसरं. कागद दुरुस्त करायचा तर बिल्ल्याची गोष्ट ह्यांना स्वतःच्या तोंडानं सांगावी लागेल. इथली पहारेकऱ्याची नोकरी गिरणीतल्या सलग नोकरीच्या सर्टिफिकेटवरच मिळाली. खरं सांगितलं की नोकरी जाईल, क्वार्टर जाईल, पोलीस केस होईल की काय देव जाणे. खोटं लिहीत नाही, अक्का. तुझं पत्र चुलीत घालून तुला काहीच कळवू नये असं एकदा माझ्या मनात येऊन गेलं. मग 'माजी लेक हाय ती' आठवलं आणि हात मागं आला.

आता तू थोरली आहेस. तू म्हणशील तसं.

तुझी फुला


सोलापूर
७ मे १९७६

चि. फुलास आशीर्वाद.

कार्डच लिहिते. तो विषय मिटला. मी ऑफिसात जाणार नाही, धुळाप्पानंही जाऊ नये. एकतीसला खोली सोडून पलीकडच्या गल्लीतल्या राजाबाईच्या पडवीत राहीन. विड्या कुठंही वळता येतात. एका बहिणीचं छप्पर काढून दुसरीनं आपलं शाकारायचं नसतं.

राग एकाच गोष्टीचा आहे. एवढं घडलं आणि ह्यांनी मला एका शब्दानं सांगितलं नाही. आता भांडायचं तरी कुणाशी?

तुझी अक्का


श्रीपूर
१३ मे १९७६

ती. अक्कास नमस्कार.

तुझं कार्ड काल आलं. पोस्टमननं वाचलं असणारच, देताना मान खाली घातली. ह्यांनी दोनदा वाचायला लावलं. छपराचं वाक्य आलं की हात वर करायचे, म्हणजे परत वाच.

आज कामावर गेले नाहीत. मी पाणी भरून आले तर पेटी उघडी, सर्टिफिकेट जागेवर नाही. स्टँडवरच्या चहावाल्यानं सांगितलं, सोलापूरच्या गाडीत बसले. पैरण पण कामाचीच घालून गेलेत. मी अडवलं नसतं, अक्का, पण सांगून तरी जायचं माणसानं. दोघे भाऊ एका मुशीतले. तुझ्याकडं आले तर आधी जेवायला घाल.

फुला


सोलापूर
१९ जून १९७६

चि. फुलास आशीर्वाद.

तुझं कार्ड पोचलं. धुळाप्पाला कारखान्यानं कामावरून कमी केलं आणि क्वार्टर महिनाअखेर सोडायची आहे, हे वाचून बराच वेळ सूप मांडीवर तसंच राहिलं. पोलीस केस केली नाही हे त्यांचे उपकार.

मे महिन्यात तो इथं आला त्याचं मी तुला सविस्तर लिहिलं नव्हतं. तो माझ्याकडं आधी आलाच नाही, सरळ खिडकीवर गेला. मला शिपाई बोलवायला आला. मी पोचले तेव्हा धुळाप्पा सगळ्या ऑफिसासमोर उभा राहून सांगत होता, "ते चौदा म्हयने माज्या दादाचं हायत. मी त्या वक्ताला मेंढरामागं व्हतो." रांगेतले लोक पुढं सरकायचं विसरले. येमूलसाहेबांनी त्याच्या कार्डावरचा अंगठा आणि आपल्या खोलीच्या कागदावरचा अंगठा शेजारी ठेवून भिंगातून पाहिले. अंगठ्याला मधोमध गिरणीतल्या जखमेची चीर होती ना तुझ्या दाजींच्या? दोन्ही कागदांवर ती चीर आडवी. मला भिंगाची गरज लागली नाही. तो अंगठा मी सतरा वर्षं पाहिलाय.

ज्या कागदानं मला रांगेत उघडं पाडलं त्याच कागदानं साक्ष दिली, फुले. दाजींनी त्या दिवशी तुझं नाव सांगितलं असतं तर सगळं बिनचूक जुळलं असतं आणि ते चौदा महिने कायमचे बुडाले असते.

निकाल लागेपर्यंत येमूलसाहेबांनी नोटीस थांबवून धरली. कागद वर गेले, खाली आले. काल मला परत बोलावलं. येमूलसाहेब म्हणाले, "बाई, खोली तुमच्या नावावर राहते, नोटीस रद्द. पेन्शनचंही होईल, वेळ लागेल. पण दोन माणसांच्या कागदांवर एकच बायको दिसते, म्हणून तुमचा जबाब लागतो. मी लिहून घेतो, पण ह्या वेळी कागद सरकवून चालणार नाही. तोंडानं सांगा. तुम्ही कोणाच्या?"

मार्चात उभी होते तीच खिडकी. मागं तशीच रांग. मग मनात आलं, त्या माणसालाही असंच टेबलासमोर उभं करून विचारलं होतं. सगळं खोटं सांगायचं ठरवून गेला होता आणि माझ्या नावापाशी त्याला खोटं बोलता आलं नाही. चारचौघांत त्यानं माझं नाव घेतलं. मी त्याचं घेतलं. मोठ्यानं घेतलं, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल इतकं. कोणी हसलं नाही. बाहेर येऊन जिन्यावर मी भरपूर रडले, गेल्यापासून पहिल्यांदा.

आता तू रडू नको. महिनाअखेरची वाट न बघता भांडी, पोरं घेऊन धुळाप्पाबरोबर निघ. खोली दहा बाय बाराची आहे, तुला माहीत आहे. चूल एकच ठेवू. धुळाप्पाला गिरणी काही परत घेणार नाही, पण मार्केट यार्डात हमाली मिळते, मी विचारून ठेवलंय. तुला विड्या वळायला आठ दिवसांत शिकवीन. तू हाताची जड आहेस, पंधरा दिवस धरू.

हे पत्र तू मोठ्यानं वाचून दाखवशील तेव्हा खालची सही पण वाच. धुळाप्पाला ऐकू दे.

तुझी अक्का,
केराबाई मायाप्पा वाघमोडे